विश्लेषण : थंडीत गाडीचे टायर का बदलावे लागतात?

नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीत गेलेल्या मराठी तरुणांना पहिल्या हिवाळ्यात हमखास एक प्रश्न पडतो : टायर चांगले असताना नवा संच कशाला? खर्च वाचवण्याचा मोह होतो. मात्र हा खर्च चैनीचा नाही, ब्रेक वेळेवर लागण्याचा आहे.

हिवाळी टायर वेगळे कसे?
थंडीत साध्या टायरचे रबर कडक होते आणि रस्त्यावरील पकड सुटू लागते. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की टायर बदलावेत, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे प्रश्न केवळ बर्फाचा नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्यावरील खोल खाचा आणि बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर?
इथेच अनेकांची फसगत होते. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी बर्फातून निघते सहज. पण थांबताना आणि वळताना भिस्त टायरवरच असते. एबीएस चाके जाम होऊ देत नाही, मात्र नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. दोनच टायर बदलणेही धोक्याचे. फक्त पुढचे बदलले, तर वळणावर गाडीचा मागचा भाग घसरतो.

कायदा काय सांगतो?
जर्मनीत ठरावीक तारखांची सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ किंवा हिमाचा थर असेल तर हिवाळी टायर बंधनकारक आहेत. नियम मोडल्यास किमान ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण नोंदला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण हे चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात. कॅनडातील क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च अशी थेट सक्ती आहे.

महाराष्ट्रात गरज आहे का?
नाही. उष्ण रस्त्यावर हे मऊ टायर लवकर झिजतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. मात्र स्वतःची गाडी घेऊन हिवाळ्यात मनालीच्या पुढे जाणाऱ्यांनी आपले नेहमीचे टायर बर्फासाठी नाहीत, हे ओळखावे. बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावाव्यात किंवा स्थानिक चालकाची गाडी घ्यावी.

यातला धडा मात्र आपल्यालाही लागू आहे. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायला हवा, हे दाखवणारी खूण टायरवरच असते. तरीही टायरचा पार गोटा होईपर्यंत गाडी पावसाळ्यात घाटातून पळवली जाते. जर्मनीत ऋतू बदलला की टायर बदलतात. आपण निदान पावसाळ्यापूर्वी ते एकदा वाकून पाहायला हवेत.