बिनझाकणाची किटली

झाकणच नसलेल्या किटलीत चहा कसा भरायचा? सोपं आहे. किटली उलटी करायची आणि बुडाच्या भोकातून ओतायचा. मग सुलटी ठेवली तरी थेंब सांडत नाही!

जादू वगैरे काही नाही. बुडाच्या भोकातून एक नळी आतल्या आत वर, जवळजवळ माथ्यापर्यंत गेलेली असते. किटली सुलटी केली की चहा नळीभोवती बसतो आणि नळीचं तोंड त्याच्या वर राहतं. जुन्या न सांडणाऱ्या दौतीत साधारण हीच युक्ती असायची. या किटलीला इंग्रजीत 'कॅडोगन' म्हणतात. त्या घराण्यातल्या कुणा बाईंनी असं भांडं इंग्लंडात आणलं म्हणून हे नाव, असं सांगतात.

गंमत म्हणजे मुळात ही किटली नव्हतीच. चीनमध्ये कांग्शी बादशहाच्या काळात (१६६२-१७२२) चिनी मातीच्या अशा सुरया बनत, त्या मद्यासाठी. आकार अख्ख्या पीचचा, अंगावर डहाळ्या आणि पानं. पीच म्हणजे तिकडे दीर्घायुष्याची खूण. स्वर्गातल्या बागेतले पीच ३००० वर्षांनी पिकतात आणि खाणारा अमर होतो, अशी तिथली कथा. आता फळाला झाकण असतं का? नाही. म्हणून सुरईलाही नाही. शिवाय मद्यात ना पत्ती, ना चोथा, त्यामुळे झाकणावाचून अडतही नाही. आकार, अर्थ आणि काम, तिन्ही एकमेकांत फिट्ट!

मग १९व्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कशायरमधल्या स्विंटनच्या रॉकिंगहॅम कारखान्यानं (हा १८४२ मध्ये बंद पडला) तिची नक्कल केली. चिनी मातीऐवजी साधी माती, वर गडद तपकिरी झिलई, आणि नाव दिलं टीपॉट. झालं! पत्ती आत टाकता येत नाही. चहा दुसरीकडे करायचा, गाळायचा आणि मग यात भरायचा. आत हात जात नाही, त्यामुळे घासायची सोय नाही. आपला दुधाचा चहा यात ओतला तर आठवड्यात काय वास येईल, कल्पनाच करा :)

आता तुम्ही म्हणाल, अहो, शोभेची वस्तू ती, कपाटात ठेवायची, एवढं काय? पण मूळ सुरईही शोभेचीच होती की. तरी तिच्यातली एकही गोष्ट उगाच नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की शोभा आणि उपयोग यांचं भांडण नसतंच. भांडण असतं ते कारणासकट घेतलेला आकार आणि कारण मागे ठेवून उचललेला आकार यांच्यात.

आमच्या धंद्यात हे रोज चालतं. कुणाच्या तरी अ‍ॅपमधला स्क्रीन 'छान दिसतो' म्हणून जसाच्या तसा उचलतात. त्यांनी तिथे बटण का ठेवलं नाही, हे कुणी विचारत नाही. मग ग्राहक बिचारा किटली उलटीसुलटी करत झाकण शोधत बसतो.

नक्कल करायला माझी ना नाही. रॉकिंगहॅमच्या कारागिरांचा हात उत्तमच होता, आतली नळी बसवणं खायचं काम नव्हे. पण उचलण्याआधी एक प्रश्न विचारावा: यात मूळ माणूस काय भरत होता?