अनुदान काढा, पण आधी निर्यातीची वाट मोकळी करा

शेतीवरील अनुदाने बंद करावीत आणि शेतकऱ्याने खुल्या बाजारात स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा युक्तिवाद निघाला की न्यूझीलंडचा दाखला ठरलेलाच असतो. तेथील सरकारने १९८४पासून शेतीची जवळपास सर्व अनुदाने मोडीत काढली. दहा टक्के शेतकरी बुडतील असे भाकीत होते. प्रत्यक्षात सुमारे एक टक्क्यालाच शेती सोडावी लागली. मात्र त्याच वर्षी चलनाचे २० टक्के अवमूल्यन झाले आणि निर्यातदार शेतकऱ्याला त्याचा लाभ मिळाला, हे सहसा सांगितले जात नाही.

आपल्याकडील कांद्याला किमान आधारभूत किंमत नाही. म्हणजे तो बाजाराच्याच स्वाधीन असायला हवा. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने त्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव थांबले. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, ती टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि तेच शुल्क ठेवून. शुल्क पूर्णपणे हटण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

मी बंगळुरूत सर्जापूर रोडला राहतो. येथून फार दूर नसलेल्या कोलार आणि चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांत ‘बंगलोर रोझ’ हा लहान गुलाबी कांदा पिकतो. देशात त्याला फारशी मागणी नाही. तो मुख्यतः मलेशिया, सिंगापूरसाठी लावला जातो. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस त्याला शुल्कातून सूट मिळाली. अट होती कर्नाटकच्या फलोत्पादन आयुक्तांच्या प्रमाणपत्राची. सूट योग्यच होती. पण मग नाशिकच्या शेतकऱ्याने कोणाचे घोडे मारले होते? सरकारी सेवेत हयात घालवल्यावर मला एवढे कळते की, जो बाजार प्रमाणपत्रावर चालतो, त्याला खुला म्हणता येत नाही.

शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून आंदोलन उभे केले आणि पुढे ‘उणे सबसिडी’ हा शब्द रूढ केला, तेव्हा दिल्लीत त्याकडे अतिशयोक्ती म्हणून पाहिले गेले. २०१८ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालाने त्याला आकड्यांचा आधार दिला. २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के होता. खते, वीज, पाणी यांतून जे दिले, त्याहून अधिक भाव पाडून काढून घेतले गेले.

युरियाची स्वस्ताई जमिनीचे नुकसान करते आणि ते अनुदान हळूहळू आटवले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न क्रमाचा आहे. निर्यातीवर निर्बंध घालायचेच असतील, तर ते लागवडीपूर्वी जाहीर व्हावेत. ऐन हंगामात लादले, तर पडलेल्या भावाची भरपाई खजिन्यातून द्यावी आणि ती रक्कम अर्थसंकल्पात ग्राहकासाठीचे अनुदान म्हणून दाखवावी. आज ती शेतकरी भरतो आणि कोणत्याही हिशेबात ती दिसत नाही.