घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

शनिवारची शाळा सकाळची असते. दुपारी घरी पोहोचतो तेव्हा ओट्यावर कुणीतरी कागद घेऊन बसलेलं असतं. कधी बँकेचं पत्र, कधी कोर्टाचं समन्स. पण अलीकडे सर्वांत जास्त येतात त्या बांधकामाच्या नोटिसा. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे मोहल्ल्याने मला बिनपगारी वाचक नेमलेलं आहे.

मागच्या महिन्यात आले ते माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील. रिक्षा चालवतात. मुलाचं लग्न ठरलं म्हणून घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकला आणि वर दोन खोल्या बांधल्या. "मास्टर साब, जरा देखो ना, इसमें तोडने का लिखे क्या?" हातात नोटीस होती आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्या. "हर साल भरते. एक साल नहीं चुका. फिर ये अनधिकृत कैसा?"

नोटिशीवर तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती. अकरा दिवस ती कपाटावर पडून होती, कारण घरात कुणाला ती नीट समजली नाही. मुलगा दहावीला मराठीत ६८ गुण मिळवून पास झालेला, माझ्याच वर्गातून. याची लाज आधी मला वाटली पाहिजे आणि वाटलीही.

आमच्या लोकांना हे एकदा कडू वाटलं तरी ऐकावंच लागेल. घरपट्टी हा कर आहे. भिंत उभी राहिली, माणूस राहायला आला की पालिका कर लावते. ती बांधकामाला मान्यता देत नाही. उलट महापालिका अधिनियमातल्या कलम २६७अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर दुप्पट शास्ती लावता येते, आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्ही अनेक वर्षं पैसे भराल, पावत्यांचं पुडकं कराल आणि ज्या दिवशी अधिकारी येईल त्या दिवशी ते पुडकं फक्त इतकंच सिद्ध करेल की तुम्ही तिथे राहत होता. लाइट बिलाचं आणि नळाच्या पावतीचंही तेच.

दुसरा गैरसमज २०२० च्या डिसेंबरपासूनचा आहे. मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्यासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली त्या महिन्यात आली. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की दीड हजार फुटांपर्यंतच्या प्लॉटवर आता बांधकाम परवानगी लागणार नाही. तो मथळा मोबाईलवर अजून फिरतोय. आमच्या भागातल्या एका सेंट्रिंगवाल्याने तर त्याची झेरॉक्स काढून गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवली आहे. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर मंजुरीची वाट पाहत बसावं लागत नाही, एवढंच. त्याआधी जागेच्या मालकीचा कागद आणि नियमात बसणारा नकाशा द्यावा लागतो, शुल्क भरावं लागतं, आणि मग ती पोचच परवानगी धरली जाते. समोरचं अंतर, बाजूचं अंतर, उंची, चटई क्षेत्र, यातलं काहीही माफ झालेलं नाही. अधिकाऱ्याने तपासायचं ते आता मालकाने आणि त्याच्या इंजिनियरने आपल्या सहीवर कबूल करायचं आहे. जबाबदारी कमी झाली नाही, आपल्या अंगावर आली. आणि ज्यांचा प्लॉट शंभराच्या स्टॅम्पपेपरवर घेतलेला आहे, ज्यांच्या नावाने ना सातबारा ना मालमत्ता पत्रक, त्यांना हे दार मुळात उघडतच नाही. त्यांच्यासाठी गुंठेवारी कायद्याचं दार आहे. २००१ च्या त्या कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली. किती जणांनी अर्ज केले, हे आपल्या गल्लीत विचारून पाहा.

"रिपेरिंगच तर केलंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. प्लास्टर, रंग, फरशी, आतल्या आतला किरकोळ बदल याला परवानगी लागत नाही हे खरं आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ४३ च तसं सांगतं, पण अट आहे की काम आतलं असावं किंवा बाहेरच्या रूपात मोठा फरक पडू नये. पत्रे काढून स्लॅब टाकणं म्हणजे रिपेरिंग नव्हे. गॅलरी तीन फूट गल्लीवर काढणं तर अजिबात नव्हे. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याचं आखिरतमध्ये काय होईल, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. खाली उतरून गल्लीत पाहिलं तर अॅम्ब्युलन्स आत येत नाही, जनाजाही तिरका करून काढावा लागतो.

हे लिहिताना मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. २०१२ मध्ये माझ्या घराचा वरचा मजला चढला. इंजिनियरने नकाशाचे पैसे घेतले, एक निळा कागद दिला. मी, बी.एड. झालेला माणूस, त्या कागदावर शिक्का आहे की नाही हे सुद्धा पाहिलं नाही. नऊ वर्षांनी कर्जासाठी बँकेत गेलो तेव्हा कळलं की मंजूर नकाशात माझं घर एकमजली आहे. वरच्या ज्या खोलीत बसून हा लेख लिहितोय ती सरकारी कागदावर नव्हतीच. ती नियमित करून घ्यायला पुढे चौदा महिने लागले, आणि जेवढे पैसे गेले तेवढ्यात एक बाथरूम झालं असतं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, नाहीतर काही वाचक आनंदाने म्हणतील की बघा, त्यांचाच मास्तर कबुली देतोय. अनधिकृत बांधकाम ही आमच्या मोहल्ल्याची मक्तेदारी नाही. वरळीतल्या कॅम्पा कोला कंपाउंडचे वरचे मजले कुणाचे होते? नोएडाचे जुळे टॉवर २८ ऑगस्ट २०२२ ला पाडले, ते काय झोपडपट्टीत होते? तिथे वर्षानुवर्षं कोर्ट चाललं, मुदती मिळाल्या, रहिवाशांना वेळ मिळाला. मिळायलाच हवा होता. माझा सवाल एवढाच आहे की ती घडी दुसरीकडे का चालत नाही? पोरावर गुन्हा दाखल होतो आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेला बापाच्या घराचा नकाशा आठवतो, तेव्हा तो नकाशासाठी नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीतल्या आरोपीचं घर पाडलं गेलं. हायकोर्टाने विचारल्यावर पालिकेच्या आयुक्तांनी माफी मागितली, आणि कारण काय दिलं, तर सुप्रीम कोर्टाच्या निर्देशांची माहिती नव्हती! रिक्षावाल्याला कायदा माहीत नाही ही सबब चालत नाही. आयुक्तांना चालते?

ते निर्देश १३ नोव्हेंबर २०२४ चे आहेत. न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांचे. किमान पंधरा दिवसांची नोटीस, तीही रजिस्टर पोस्टाने आणि घरावर डकवून; नेमकं काय चुकलं ते लिहिलेलं; प्रत्यक्ष सुनावणी; पाडणं हाच एक उपाय का उरला याचं कारण देणारा आदेश; आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस; पाडकामाचं चित्रीकरण. मोडलं तर नुकसान अधिकाऱ्याच्या खिशातून. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी मुबारकबादींचा पाऊस पडला. पण निकालात एक ओळ कुणी वाचली नाही. रस्ता, फूटपाथ, नदीनाला, रेल्वेलगतची अनधिकृत बांधकामं या संरक्षणात येत नाहीत. तुमची ती गल्लीवरची गॅलरी आठवा. पुढे १७ डिसेंबरला त्याच कोर्टाच्या दुसऱ्या पीठाने सांगितलं की वर्षं लोटली, अधिकारी गप्प बसले, म्हणून अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, आणि पूर्णत्वाचा दाखला नसेल तर वीज-पाण्याची जोडणी देऊ नका. हा निकाल ग्रुपवर आला नाही.

आणि बुलडोझरपेक्षा जास्त आपली माणसं कशाखाली गेली आहेत? ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत कोसळली, ७४ जण मेले. परवानगी नव्हती. मजल्यावर मजला चढवत होते आणि खाली लोक राहत होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाड, सप्टेंबरमध्ये भिवंडी. ढिगाऱ्यातून निघालेली नावं वाचली तर कोण मेलं ते कळतं. जोता तपासणी, स्टीलचा हिशेब, इंजिनियरची सही यांना आपण "सरकारी लफडं" म्हणतो. मला राग येतो तो आपल्या त्या 'समाजसेवकां'चा, जे स्लॅबच्या दिवशी बिर्याणी खायला येतात, "मैं बैठा हूं ना, कुछ नहीं होता" म्हणतात, त्याचे पैसे घेतात, आणि नोटीस आली की फोन बंद करतात. मोर्च्यात मात्र माईक त्यांच्याच हातात असतो.

एप्रिल २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू राहू शकते असा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला. उर्दूचा शिक्षक म्हणून मी शाळेत पेढे वाटले. पण पाटीवर उर्दू आहे आणि आतून निघणारी नोटीस वाचता येत नाही, तर काय उपयोग? नोटीस उर्दूत येईल याची वाट पाहू नका. या राज्यात ती मराठीतच येणार, आणि मराठी आपलीही आहे. या वर्षापासून मी नववी-दहावीच्या पत्रलेखनाच्या तासाला "सहलीला न आल्याबद्दल मित्रास पत्र" बाजूला ठेवलंय. मुलं घरून एक सरकारी कागद आणतात. निष्कासन, भोगवटा, प्रारंभ प्रमाणपत्र, अपिलार्थी, एकेक शब्द फळ्यावर. हेडमास्तरांनी विचारलं, सिलॅबसमध्ये आहे का? मी म्हटलं, उपयोजित लेखन आहे, सर.

चाचांच्या नोटिशीत कलम ५३ होतं. त्याच कलमात पुढे अशी सोय आहे की नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला हात लागत नाही. मुदतीचे चार दिवस उरले होते. सोमवारी लायसन्सधारक इंजिनियर पाहिला. त्याने मोजमाप घेऊन सरळ सांगितलं की मागची खोली बसेल, पुढची दोन फूट मागे घ्यावी लागेल. चाचा गप्प झाले, मग म्हणाले, "दो फुट में पलंग जाता मास्टर साब." अर्ज मुलानेच लिहिला, मराठीत, माझ्या ओट्यावर बसून. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, तेवढं मी दुरुस्त केलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आवक शिक्का मारून पोच घेतली. पुढची भिंत त्यांनी स्वतःच उतरवली आहे. निकाल अजून यायचाय, निकाह पुढच्या महिन्यात आहे.