दारापर्यंतची ओळख

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीचे निधन झाले. वीस वर्षे आम्ही एका टेबलाशी डबा खात होतो. त्यांच्याकडचा नाताळचा फराळ माझ्या घरी यायचा, आमच्याकडची दिवाळी त्यांच्या घरी जायची. अंत्यविधीची प्रार्थना त्यांच्या चर्चमध्ये होती. ऑफिसातले आम्ही सात-आठ जण हार घेऊन वेळेवर पोचलो आणि फाटकाशीच थबकलो. 'आपल्याला आत चालतं का?' एकाने विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. आतून गाण्याचे सूर येत राहिले आणि आम्ही पाऊण तास झाडाखाली घड्याळे पाहत उभे राहिलो.

महिन्याभराने ते कामावर रुजू झाले. एकदा चहा पिताना सहज म्हणाले, 'तुम्ही आत आला असता तर बरं वाटलं असतं. मागचे बाक रिकामेच होते.'

त्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त टोचले.

आपल्या शेजारधर्माचे हे असेच आहे. केक खाण्यापुरती ओळख पक्की. पण माणूस ज्या ठिकाणी गुडघे टेकतो, त्या दारापर्यंत येऊन ती थांबते. मुंबईकर रोज 'चर्चगेट' म्हणतो. पण ते कोणते चर्च, हे किती जणांना ठाऊक असते? फोर्टातले सेंट थॉमस हे ते चर्च. १७१८ साली ते उपासनेसाठी उघडले आणि किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा त्याच्या दिशेने जात होता, त्याला चर्चगेट हे नाव मिळाले. १८६० नंतरच्या दशकात तट पडला, दरवाजा गेला. नाव तेवढे राहिले. मुंबईतले जुने मैलाचे दगड याच चर्चपासून अंतर मोजत. सारे शहर ज्याच्यापासून मोजले गेले, त्या वास्तूच्या आत मात्र आपण पाऊल टाकलेले नसते.

हे चर्च अँग्लिकन परंपरेतले. सोळाव्या शतकात इंग्लंडचे चर्च रोमच्या पोपपासून वेगळे झाले. पण बिशप, वेदी, ठरलेले प्रार्थनाविधी हे सारे त्याने टिकवले. १५४९ मध्ये त्याची सामाईक प्रार्थनेची पोथी लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत, इंग्रजीत, निघाली. धर्म लोकभाषेत आणणे म्हणजे काय, हे ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. भारतातले अँग्लिकन चर्च १९७० मध्ये नागपूर येथे इतर काही पंथांबरोबर 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'मध्ये विलीन झाले. त्यामुळे पाटीवर आज तेच नाव दिसते. पण जुन्या अँग्लिकन चर्चमधली रविवारची उपासना बरीचशी त्याच वळणाची असते.

ती कशी असते, हे मी पुढे त्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून शिकलो. पाच-दहा मिनिटे आधी जावे. शहरातल्या चर्चमध्ये चपला बहुधा काढत नाहीत. दाराशी चपलांची रांग दिसलीच तर काढाव्यात. पुरुषांनी टोपी उतरवावी. बायका पदर डोक्यावर घेताना दिसतील. पाहुणीवर त्याची सक्ती नसते. दाराशी कोणी तरी गीतांचे आणि प्रार्थनेचे पुस्तक हातात देतो. मागच्या बाकावर बसावे, म्हणजे पुढचे लोक केव्हा उठतात नि बसतात ते दिसते. नवख्याची मुख्य धास्ती तीच असते. ढोबळ नियम असा : गाताना उभे राहायचे, ऐकताना बसायचे, प्रार्थनेच्या वेळी गुडघे टेकायचे. गुडघे दुखत असतील तर नुसती मान लववली तरी चालते. कोणी वळून पाहत नाही.

सुरुवात गीताने होते. कोणते गीत, त्याचा क्रमांक अनेकदा भिंतीवरच्या फळीवर लावलेला असतो. मराठी उपासना असेल तर कानाला एक सुखद धक्का बसतो, कारण अभंगाची आणि ओवीची वळणे ऐकू येतात. रेव्हरंड ना. वा. टिळक अँग्लिकन नव्हते. पण त्यांची गीते पंथांच्या भिंती ओलांडून गायली जातात.

मग सारे मिळून आपल्या चुकांची कबुली देतात. एकेकट्याने कानात सांगायचे नसते; पाळकांसकट सर्व जण एका सुरात म्हणतात. ऑफिसातला साहेब आणि शिपाई एकाच बाकावर बसून 'आमचे चुकले' म्हणत आहेत, असे दृश्य मी दुसरीकडे क्वचितच पाहिले आहे. त्यानंतर बायबलमधली वाचने होतात. ती बहुधा मंडळीपैकीच कोणी तरी, बाई किंवा पुरुष, पुढे येऊन वाचतो. येशूच्या चरित्राचे, म्हणजे शुभवर्तमानाचे वाचन आले की सारे उभे राहतात. मग प्रवचन. ते पंधरा-वीस मिनिटांचे असते आणि आपल्या कीर्तनांप्रमाणेच कधी रंगते, कधी रंगत नाही.

पुढे आजाऱ्यांसाठी, दुःखितांसाठी, देशासाठी प्रार्थना होते. तिच्यात बिनओळखीच्यांची नावेही येतात. मग अचानक सगळे एकमेकांकडे वळून 'शांती असो' म्हणत हात मिळवतात किंवा नमस्कार करतात. तुमच्याकडेही हात पुढे येईल. गोंधळू नये, तो हाती घ्यावा. दानाची थैली फिरते. पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही.

उपासनेचा गाभा म्हणजे प्रभुभोजन. भाकर आणि द्राक्षारस आशीर्वादित करून वाटला जातो. लोक रांगेने वेदीशी जातात. इथे मात्र नियम कळायला हवा : हे भोजन बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी असते. आपण प्रसादाला हात पुढे करतो तसा इथे करू नये. आपल्या जागी शांत बसून राहणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे. पुष्कळ चर्चमध्ये हात छातीशी दुमडून पुढे गेले तर पाळक भाकर न देता नुसता आशीर्वाद देतात. न घेण्यात अपमान नाही आणि न देण्यात तुच्छता नाही. सीमा असते, हे खरे. पण ती सांगून ठेवलेली असली की तिची भीती राहत नाही. आम्हांला फाटकाशी अडवले होते ते सीमेने नव्हे, आमच्या अज्ञानाने.

शेवटी आशीर्वाद, एक गीत, आणि दाराशी पाळकसाहेबांचा नमस्कार. कित्येक ठिकाणी मग आवारात चहा असतो.

या चहाची आपल्याकडे एक जुनी गोष्ट आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी नावे जाहीर केली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. ते मिशन अँग्लिकनच होते. आज तो चहा प्यायल्याने कोणी कोणाला वाळीत टाकत नाही. पण मग आम्ही सात-आठ सुशिक्षित माणसे झाडाखाली का उभी होतो? ग्रामण्य संपले, संकोच उरला, एवढेच त्याचे उत्तर.

कोणी म्हणेल, आपला देव आपल्या घरी पुरेसा आहे, दुसऱ्याच्या दारी जायचे कशाला? उपासनेला जाऊन बसणे म्हणजे श्रद्धा बदलणे नव्हे. मी अजूनही माझ्या गणपतीला फूल वाहतो. पण माणसाच्या सुखदुःखाचे मोठे क्षण, बारसे, लग्न, मृत्यू, त्याच्या देवाच्या साक्षीने होतात. तिथे आपण बाहेर उभे राहिलो तर आपली मैत्री दारापर्यंतचीच राहते. उलट बाजूनेही हे खरे आहे. आपल्या घरच्या पूजेला आलेला परधर्मी मित्र कोपऱ्यात अवघडून उभा असतो. त्याला जवळ घेऊन 'इथे बसा, आता हे होईल' असे आपण किती वेळा सांगतो?

गेल्या वर्षी त्या सहकाऱ्यांच्या मुलीचे लग्न त्याच चर्चमध्ये झाले. आम्ही जुने सगळे गेलो. फाटकाशी कोणी थांबले नाही. त्यांनी पुढून वळून पाहिले आणि मागचे बाक भरलेले पाहून नुसती मान हलवली.