कमान पाहावी, पण समोरून
समुद्रातल्या दगडी कमानी पाहायला जरूर जावे, पण त्यांच्या माथ्यावर चढू नये. खडक पोखरून कमान घडवणाऱ्या लाटाच तिला पाडतात, आणि दिवस सांगून पाडत नाहीत. ऑस्ट्रेलियातील ‘लंडन ब्रिज’ या कमानीचा किनाऱ्याकडचा भाग १५ जानेवारी १९९० रोजी कोसळला, पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. माल्टाच्या गोझो बेटावरची चुनखडीची ‘अझूर विंडो’ ८ मार्च २०१७ रोजी वादळात पडली.

काहीजण म्हणतील, काँक्रीटचा टेकू द्या. पण त्याने लाटांचा मारा थांबत नाही आणि कमान निसर्गाची उरत नाही. माथ्यावर चढायला बंदी घातल्याने पर्यटन बुडेल, हा आक्षेपही टिकत नाही. कारण कमानीचे रूप समोरच्या कड्यावरूनच दिसते, माथ्यावर उभे राहणाऱ्याला ती दिसतच नाही.