घरांतील बाग : तहान सोसणारें झाड

पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेच्या कांठीं असलेलें मांजरी बुद्रुक हें गांव सन २०२१ मध्यें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. ऊस व द्राक्षें यांच्या संशोधनसंस्था जेथें आहेत, त्या भूमींत आतां उंच इमारती उभ्या राहिल्या असून, अंगणाच्या जागीं चार हातांची गॅलरी व आडाच्या जागीं टँकर आला आहे. अशा ठिकाणच्या गृहस्थानें झाडांची हौस सोडावी काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. मात्र झाड पाण्याच्या मानानें निवडावें.

या कामीं अडेनियम हा लहानसा वृक्ष आम्हांस योग्य वाटतो. त्याची जन्मभूमि आफ्रिका व अरबस्तान येथील रुक्ष प्रदेश. त्याचा बुंधा फुगलेला असतो, कारण त्यांत तो पाणी सांठवितो. आपला देवचाफा त्याच कुळांतला. देवळोदेवळीं दिसत असला तरी तोही मूळचा अमेरिकेंतला.

ज्याच्या पोटांतच पाणी, त्यास रोज पाणी घालणें म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्यास पुन्हां पानावर बसविणें होय. तुळशीस नित्य पाणी घालणारा हात शेजारच्या कुंडीकडे सहज वळतो, आणि त्या मायेनेंच मुळें कुजतात. एकत्र कुटुंबांत तर तिघेजण तीन वेळां पाणी घालतात! सबब हें काम एकाकडेच असावें. माती दोन बोटें खोल कोरडी लागेल तेव्हांच पाणी द्यावें. थंडींत पानें गळतात. तेव्हां झाड मेलें असें न समजतां पाणी अगदीं कमी करावें. पावसाळ्यांत कुंडी वळचणीखालीं घ्यावी.

कुंडी मातीची, बुडाशीं भोंक असलेली घ्यावी. मातींत जाडी वाळू व विटांचे बारीक तुकडे सढळ हातानें मिसळावे. दिवसांतून पांच-सहा तास ऊन हवें. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत फुलें येणार नाहींत. बुंधा दाबून मऊ लागल्यास कुजका भाग कापावा, जखम आठ दिवस सावलींत वाळूं द्यावी व मग कोरड्या वाळूंत लावावें.

एक इशारा मात्र अवश्य ध्यानांत ठेवावा. कण्हेरही याच कुळांतली, व अमरकोशांत करवीरास ‘हयमारक’, म्हणजे घोड्यास मारणारा, असें नांव आहे. अडेनियमचा चीकही तसाच विषारी असून आफ्रिकेंत तो बाणांच्या टोकांस लावीत. म्हणून छाटणीनंतर हात साबणानें धुवावे, छाटलेल्या फांद्या गुरांपुढें टाकूं नयेत, आणि घरांत रांगतें मूल असेल तर कुंडी त्याच्या हातास न लागेल इतक्या उंच कट्ट्यावर ठेवावी.