वेबसाईट बनवता येते हो, सांभाळता येते का?

तुमच्या पेठेतल्या मंडळाची, तालमीची किंवा वाचनालयाची वेबसाईट असेल तर आज एकदा उघडून बघा. 'ताज्या घडामोडी'मध्ये पाच वर्षांपूर्वीचं रक्तदान शिबिर असेल. फोटोतले अध्यक्ष कधीच बदललेले असतील आणि दिलेला फोन नंबर लागत नसेल. साईट करणारा पोरगा हुशार होता, पण नोकरी लागल्यावर तो पुण्याला गेला आणि साईट आहे तिथंच राहिली.

असा एक पोरगा मी होतो.

गोष्ट २००३ची. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या भागातल्या एका वाचनालयाचे सेक्रेटरी काका म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला हाईस न्हवं, मग आमची पण एक वेबसाईट करून टाक की." माझं शिक्षण म्हणजे सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून दुसऱ्यांच्या पानांचा 'सोर्स' बघणं. त्यातलं कॉपी करून नोटपॅडमध्ये बदलायचं, फ्लॉपीवर घ्यायचं आणि उघडून बघायचं. एवढ्या भांडवलावर मी वाचनालयाचा 'वेबमास्टर' झालो. पगार शून्य, चहा मात्र वेळेवर.

पहिला दणका मराठीने दिला. माझ्या कॉम्प्युटरवर झकास दिसणारी पानं काकांच्या पुतण्याच्या ऑफिसात उघडली तर सगळी एबीसीडीची खिचडी! तेव्हाचे बरेचसे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच कोडवर देवनागरीचा मुखवटा चढवायचे. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडायचा. यावर उपाय होता युनिकोड. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि ही सोय १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. पण कॅफेतल्या विंडोज ९८ला ते नीट जमायचं नाही. शेवटी दुसरीकडे बसून चाळीसेक पानं मी पुन्हा टाईप केली. कॉम्प्युटर अक्षर साठवतो कसं आणि दाखवतो कसं, हे मला त्या चाळीस पानांनी शिकवलं. कुठल्या क्लासमध्ये ते इतकं पक्कं झालं नसतं.

म्हणूनच सांगतो, ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांनी शिकता शिकता एका खऱ्या संस्थेची साईट फुकट सांभाळायला घ्यावी. 'फुकट' म्हटल्यावर नाक मुरडू नका. आज जगभर वापरला जाणारा अपाची वेब सर्व्हर १९९५ मध्ये उभा राहिला तो काही वेबमास्टर मंडळींनी आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना दिल्या म्हणून. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं, तेव्हा त्याच्या दोन निर्मात्यांपैकी मॅट मुलेनवेग १९ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. मराठी विकिपीडियाही त्याच वर्षी सुरू झाला आणि आजवर तो स्वयंसेवकांनीच वाढवला आहे.

पण माझी गोष्ट इथं संपत नाही. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, मी माझ्याच ईमेलवर घेतलं होतं. पुढं पुण्यात नोकरी लागली, नवा ईमेल झाला आणि जुना बघायचा राहिला. नूतनीकरणाच्या सूचना तिथं येऊन पडत होत्या. मुदत संपली. त्यानंतरही डॉट कॉम नाव सोडवून घ्यायला काही दिवस मिळतात, तेही गेले. मग कुणीतरी ते नाव उचललं आणि वाचनालयाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागल्या. काकांनी फोन केला. ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "बाळा, जुन्या व्याख्यानमालेचे फोटो तुझ्याकडं असतील न्हवं?"

नव्हते. मूळ फोटो स्कॅन करून परत दिले होते आणि ते पुराच्या पाण्यात गेले होते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साईटची काही पानं सापडली. त्यावर मजकूर होता, फोटोंच्या जागी रिकामे चौकोन होते. ते चौकोन मी आजही विसरलेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, वेबसाईट हवीच कशाला, इन्स्टा पेज आहे की! असू दे, जरूर असू दे. पण ऑर्कुटवर आमच्या पिढीचे कट्टे होते, ते २०१४ मध्ये बंद झालं. याहूने जिओसिटीजला २००९ मध्ये टाळं लावलं, तेव्हा लाखो लोकांची घरगुती पानं गेली. भाड्याच्या खोलीत संसार करायला हरकत नाही, पण संस्थेची कागदपत्रं तरी स्वतःच्या कपाटात नकोत का?

"एआयला सांगितलं की पाच मिनिटांत साईट तयार," असंही कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच साईट 'बनवणं' ही आता फुशारकीची गोष्ट राहिलेली नाही. दर महिन्याला बॅकअप घेणं, बदललेला नंबर त्याच दिवशी दुरुस्त करणं, साध्या मोबाईलवर आणि कमी रेंजमध्ये पान उघडतंय का ते बघणं, अंध वाचकासाठी फोटोखाली वर्णन लिहिणं, हे कंटाळवाणं काम कोण करणार? मुलाखतीत "मी दहा साईट केल्या" यापेक्षा "मी एक साईट तीन वर्षं बंद पडू दिली नाही" हे वाक्य मला जास्त वजनदार वाटतं.

संस्थांनाही एक सांगायचंय. पोरगं फुकट काम करतंय म्हणून डोमेन आणि होस्टिंगचे पैसे त्याच्या खिशातून जाऊ देऊ नका. त्याची परीक्षा असते, त्यालाही घर असतं. वर्गणीतून गणपतीच्या लायटिंगला पैसे निघतात, तसे वर्षाला थोडे यालाही निघतील.

आणि तुम्ही काम घ्याल तेव्हा पहिल्याच दिवशी तीन गोष्टी करा. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड, मुदतीची तारीख आणि बॅकअपची जागा एका कागदावर लिहून सेक्रेटरींच्या कपाटात ठेवा. आणि तुमच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला एक गडी सोबत घ्या, कारण तुम्हीही एक दिवस पुण्याला जाणारच आहात.

या रविवारी तालमीत किंवा वाचनालयात गेलात की एकच प्रश्न विचारा : "आपलं डोमेन कुणाच्या नावावर आहे?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, तर समजा, तुमचं काम सुरू झालं.